एका लाटेसाठी आयुष्यभर

29 जून 2023 रोजी जगातल्या खगोलशास्त्रज्ञांच्या अनेक गटांनी एकाच वेळी एक बातमी जाहीर केली. विश्वात सगळीकडे अतिशय संथ गुरुत्वीय लहरी पसरलेल्या आहेत, आणि त्यांची पहिली चाहूल लागली आहे. या लहरींचं एक आंदोलन पुरं व्हायला कित्येक वर्षं लागतात. त्यांचा सर्वांत संभाव्य उगम म्हणजे एकमेकांभोवती फिरणाऱ्या महाकाय कृष्णविवरांच्या जोड्या. अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया, चीन आणि भारत अशा सगळ्यांचा त्यात हात होता. भारतीय गटाचं नाव इंडियन पल्सार टायमिंग अ‍ॅरे, थोडक्यात 'इनपीटीए'. त्यातल्या संस्थांची यादी अशी: पुण्याचं राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र म्हणजे एनसीआरए, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, रुडकी आणि हैदराबादच्या आयआयटी, चेन्नईची गणितविज्ञान संस्था, बंगळुरूची रामन संशोधन संस्था आणि भोपाळची आयसर. सोबतीला जपानमधलं कुमामोतो विद्यापीठ.

भोपाळचं नाव वाचून मला आनंद झाला, आणि त्याला कारण आहे. 1956 साली मध्य प्रदेशची राजधानी इथे आली तेव्हा नागपूरहून कितीतरी मराठी कुटुंबं सरकारी नोकरीनिमित्त या शहरात येऊन स्थायिक झाली. त्यांच्या मुलांना भौतिकशास्त्रात पुढे जायचं असेल तर शहर सोडावंच लागे. 2008 साली आयसर सुरू झाली ती गोविंदपुऱ्यातल्या गॅस राहत आयटीआयच्या इमारतीत, म्हणजे वायुकांडातल्या पीडितांसाठी उभारलेल्या जागेत. पुढे भौंरीला तिचा स्वतःचा परिसर उभा राहिला. आज याच संस्थेतले लोक विश्वातल्या सर्वांत जड वस्तूंच्या मागावर आहेत. हा माग नेमका कसा काढतात आणि त्यासाठी एखाद्याला आपली कारकीर्द कशी वेचावी लागते, हे या प्रकरणात पाहू.

महाकाय म्हणजे किती?

मोठा तारा इंधन संपून कोसळला की सूर्याच्या काही पट वस्तुमानाचं कृष्णविवर तयार होतं. महाकाय कृष्णविवरांची जातच वेगळी. ती दीर्घिकांच्या केंद्रस्थानी असतात आणि त्यांचं वस्तुमान सूर्याच्या लाखो ते अब्जावधी पट असतं. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रात धनू राशीच्या दिशेला असं एक कृष्णविवर आहे. ते आपल्यापासून सुमारे 27,000 प्रकाशवर्षं दूर आहे आणि त्याचं वस्तुमान सूर्याच्या 40 लाख पटींहून थोडं जास्त आहे. त्याच्याभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांवर जवळपास तीन दशकं नजर ठेवून अँड्रिया गेझ आणि राइनहार्ड गेन्झेल यांच्या गटांनी ते वजन काढलं. त्याबद्दल या दोघांना 2020 च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. उरलेला अर्धा रॉजर पेनरोज यांच्याकडे गेला.

कृष्णविवराची सीमा किती मोठी, याचा हिशेब सोपा आहे. सूर्याएवढ्या वस्तुमानामागे सुमारे 3 किलोमीटर त्रिज्या धरायची. आपल्या आकाशगंगेतल्या कृष्णविवराची त्रिज्या मग सव्वा कोटी किलोमीटरच्या आसपास येते. कन्या राशीतल्या एम87 या दीर्घिकेतलं कृष्णविवर सूर्याच्या साडेसहा अब्ज पट जड आहे, म्हणजे त्याची त्रिज्या जवळपास 1,950 कोटी किलोमीटर. सूर्यापासून प्लुटोपर्यंतचं सरासरी अंतर याच्या एक तृतीयांशही नाही. 2019 च्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध झालेलं कृष्णविवराचं पहिलं छायाचित्र याच एम87 मधलं.

या दोन्ही जागा भोपाळच्या आकाशात दिसतात. एप्रिलच्या अखेरीस रात्री दहा-साडेदहाच्या सुमारास एम87 जवळजवळ डोक्यावर असते आणि हौशी निरीक्षकाच्या लहान दुर्बिणीतही तिचा धूसर ठिपका सापडतो. मेच्या मध्यात रात्री अडीचच्या सुमारास दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे 38 अंशांवर, आकाशगंगेचं केंद्र असतं. मधल्या धुळीमुळे ते डोळ्यांना दिसत नाही, पण दिशा अचूक दाखवता येते. पाऊस सुरू होण्याआधीचे हे दोन महिने या शहरातल्या निरीक्षकांनी वाया घालवू नयेत.

जोडी कशी जमते?

दीर्घिका एकमेकींवर आदळतात आणि कोट्यवधी वर्षांत त्यांची मिळून एक दीर्घिका होते. दोघींच्या पोटात एकेक महाकाय कृष्णविवर असेल तर तीही हळूहळू नव्या दीर्घिकेच्या केंद्राकडे सरकतात. वाटेतल्या ताऱ्यांना आणि वायूला गुरुत्वाकर्षणाने हिसके देत ती आपली गती गमावतात आणि शेवटी एकमेकांभोवती फिरू लागतात.

अशा जोड्या थेट पाहणं फार अवघड आहे, पण काही उमेदवार सापडले आहेत. त्यातला एक शोध पुण्यातला आहे. एनसीआरएमधल्या प्रीती खरब आणि धरमवीर लाल यांनी डेव्हिड मेरिट यांच्यासह 2017 मध्ये एनजीसी 7674 या दीर्घिकेत अशी एक संभाव्य जोडी दाखवली. दीर्घिका आपल्यापासून सुमारे 40 कोटी प्रकाशवर्षं दूर, आणि दोन कृष्णविवरांमधलं अंतर एका प्रकाशवर्षाहून थोडंसंच जास्त.

अंतर आणखी कमी झालं की गुरुत्वीय लहरी हाच ऊर्जा बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग उरतो. एक उदाहरण घेऊ. प्रत्येकी एक अब्ज सूर्यांएवढी दोन कृष्णविवरं दहा वर्षांत एक फेरी पूर्ण करत असतील, तर केप्लरच्या नियमानुसार त्यांच्यातलं अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे 5,850 पट भरतं. प्रकाशाला ते ओलांडायला 34 दिवस लागतील. प्रत्येक कृष्णविवराचा वेग सेकंदाला जवळपास 8,700 किलोमीटर असेल. अशा जोडीतून निघणाऱ्या लहरीचं एक आंदोलन पाच वर्षांचं असतं, कारण एका फेरीत लहर दोनदा वर-खाली होते.

2015 मध्ये अमेरिकेतल्या लायगो प्रकल्पाने टिपलेल्या गुरुत्वीय लहरी लहान कृष्णविवरांच्या होत्या. त्यांचं आंदोलन सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपासचं, म्हणून चार किलोमीटर लांबीच्या नळ्यांत ते पकडता येतं. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणारी लायगो-इंडियाही याच जातीच्या लहरी ऐकेल. पाच वर्षांच्या लहरीसाठी पृथ्वीवर कुठलंच यंत्र पुरत नाही. तिथे उपकरण म्हणून आकाशगंगेचाच वापर करावा लागतो.

ताऱ्यांची घड्याळं

या उपकरणाचा मुख्य भाग म्हणजे पल्सार. मोठ्या ताऱ्याचा स्फोट झाल्यावर उरलेला, जेमतेम 20-25 किलोमीटर व्यासाचा न्यूट्रॉन तारा स्वतःभोवती वेगाने फिरतो. त्याचा रेडिओ झोत पृथ्वीवरून गेला की दुर्बिणीत एक स्पंदन नोंदलं जातं. पहिला पल्सार जोसेलिन बेल यांनी 1967 मध्ये शोधला.

1982 मध्ये या कथेत एक मराठी नाव येतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी तेव्हा बर्कलीला पीएच.डी. करत होते. डॉन बॅकर यांच्याबरोबरच्या चमूत त्यांनी सेकंदाला तब्बल 642 वेळा फिरणारा पल्सार शोधला. हा पहिला मिलिसेकंद पल्सार. असे पल्सार इतके नियमित असतात की दीर्घकाळात त्यांची तुलना अणुघड्याळांशी करता येते. त्यांच्या स्पंदनांच्या वेळा मोजून अतिसंथ गुरुत्वीय लहरी पकडता येतील ही कल्पना सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मांडली गेली होती. मिलिसेकंद पल्सार हाती आल्यावर ती प्रत्यक्षात उतरण्याजोगी झाली.

लहर ओळखतात कशी? भोपाळच्या बड्या तलावात दूरदूर नांगरलेल्या होड्या नजरेसमोर आणा. एखादीच होडी हलली तर तिच्यात कोणी उठून बसलं असेल. पण सगळ्याच होड्या हलल्या आणि कुठली कधी, किती हलली याचा त्यांच्या जागांशी मेळ लागला, तर तलावातून लाट गेली असं खात्रीने म्हणता येतं. पल्सार या त्या होड्या. लहर पृथ्वीपाशी अवकाश ताणते आणि आखडते, तेव्हा काही पल्सारांची स्पंदनं किंचित लवकर पोचतात, काहींची किंचित उशिरा. रोनाल्ड हेलिंग्ज आणि जॉर्ज डाउन्स यांनी 1983 मध्ये हा मेळ कसा असेल याचं गणित मांडलं. आकाशात जवळजवळ असलेल्या दोन पल्सारांच्या वेळेतल्या चुका एकाच बाजूच्या असतील. साधारण काटकोनात असलेल्यांच्या उलट बाजूंच्या होतील. अगदी समोरासमोरच्या पल्सारांत पुन्हा थोडा मेळ दिसेल. चुकांची ही वक्ररेषा मिळाली तरच लहर सापडली असं मानायचं. प्रश्न एवढाच की या चुका सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या पातळीच्या असतात.

खोडदची खासियत

इथे जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपचं, म्हणजेच जीएमआरटीचं महत्त्व कळतं. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या या दुर्बिणीत प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. त्या सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या आहेत. पोलादी पत्र्याऐवजी ताणलेल्या दोरांवर बारीक तारांची जाळी बसवून स्वरूप यांनी खर्च आणि वजन दोन्ही आटोक्यात ठेवलं. जगातल्या बहुतेक पल्सार प्रकल्पांनी जास्त कंप्रतेवर भर दिला. जीएमआरटीची ताकद कमी कंप्रतेत आहे. नेमकी तीच इथे उपयोगी पडली.

कारण असं. तारे आणि आपण यांच्यामधली पोकळी खरं तर पूर्ण रिकामी नसते. तिथे विरळ इलेक्ट्रॉन असतात आणि ते रेडिओ लहरींना उशीर करतात. कंप्रता जितकी कमी, तितका उशीर जास्त, आणि तोही वर्गाच्या प्रमाणात. सेकंदाला 219 वेळा फिरणारा जे1713+0747 हा पल्सार घ्या. त्याचं एकच स्पंदन 1,400 मेगाहर्ट्झवर आधी पोचतं आणि 400 मेगाहर्ट्झवर त्यानंतर सुमारे 0.38 सेकंदांनी. तेवढ्या वेळात तो तारा 80 पेक्षा जास्त फेऱ्या मारून मोकळा झालेला असतो.

हा उशीर कायम सारखा असता तर एकदा वजा केला की काम संपलं असतं. पण पृथ्वी फिरते, तारा सरकतो, सौरवारे बदलतात, त्यामुळे वाटेतल्या इलेक्ट्रॉनांची संख्याही सतत थोडी कमी-जास्त होते. या संख्येत दहा हजारात एक एवढा फरक पडला तर 1,400 मेगाहर्ट्झवरची वेळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या साडेतीन पटींनी सरकते. आपण शोधत असलेल्या लहरीच्या खुणेपेक्षा हा गोंधळ तीसपट मोठा आहे. मात्र 400 मेगाहर्ट्झवर तोच बदल त्याहून बारा पटींनी ठळक दिसतो. म्हणून इनपीटीएची मंडळी जीएमआरटीच्या तबकड्यांचे गट पाडतात. एक गट 300 ते 500 मेगाहर्ट्झवर आणि दुसरा 1,400 च्या आसपास, असा एकच पल्सार एकाच वेळी पाहतात आणि इलेक्ट्रॉनांचा हिशेब चुकता करतात.

2022 मध्ये या गटाने आपली पहिली माहिती जाहीर केली. त्यात साडेतीन वर्षांची 14 पल्सारांची मोजमापं होती. ती युरोपीय गटाच्या 25 पल्सारांच्या जवळपास 25 वर्षांच्या मोजमापांना जोडली गेली. त्यातूनच 2023 चा निष्कर्ष पुढे आला. भारताचा वाटा वर्षांच्या हिशेबात लहान होता, पण नेमक्या कमकुवत जागी त्याने आधार दिला.

एप्रिल 2021 मधला धक्का

ज्याच्यावर सर्वांत जास्त भरवसा, त्यानेच दगा दिला तर? जे1713+0747 हा जगभरच्या गटांच्या लाडक्या पल्सारांपैकी एक. एप्रिल 2021 च्या मध्यात त्याच्या स्पंदनाचा आकारच अचानक बदलला. स्पंदनाच्या आलेखाचा चढ-उतार आधीसारखा राहिला नाही, आणि आकार बदलला की स्पंदन नेमकं कोणत्या क्षणी आलं म्हणायचं हाच प्रश्न उभा राहतो.

देश करोनाच्या दुसऱ्या लाटेत होरपळत होता. तरी जीएमआरटीवरची निरीक्षणं चालू होती, म्हणून हा बदल वेळीच नोंदला गेला. जयखोम्बा सिंघा आणि इनपीटीएतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी तो आकार कमी कंप्रतेवर कसा बदलला हे त्याच वर्षी एका शोधनिबंधात दाखवलं. नंतर तो आकार हळूहळू मूळ पदावर येऊ लागला. या घटनेची माहिती नसती आणि कुणी ती मोजमापं तशीच हिशेबात धरली असती, तर ताऱ्याच्या अंगातला बिघाड कृष्णविवरांच्या खात्यावर जमा झाला असता. या क्षेत्रात शोध लावण्याइतकंच महत्त्व खोटा शोध टाळण्याला आहे. दर दोन आठवड्यांनी तोच तारा, तीच कंप्रता, तीच नोंद, हे रटाळ वाटणारं काम नेमकं अशा वेळी कामी येतं.

कारकिर्दीचा रस्ता

हे काम करणारा माणूस घडतो कसा? इनपीटीएची सुरुवात करणारे भालचंद्र जोशी एनसीआरएमध्ये वर्षानुवर्षं पल्सारांचा अभ्यास करत होते. याच केंद्रात मयूरेश सुरनीस यांनी पीएच.डी. केली. जीएमआरटीने घेतलेल्या आकाशाच्या पाहणीतून त्यांनी जोशी आणि इतर सहकाऱ्यांसह जे1839+15 हा पल्सार शोधला, आणि 2013 मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. हा पल्सार काही काळ स्पंदनं पाठवतो आणि मग दीर्घकाळ गप्प बसतो. पुढे अमेरिकेतलं वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठ आणि इंग्लंडमधलं मँचेस्टर अशी वाट चालून ते भोपाळच्या आयसरमध्ये अध्यापक झाले आणि इनपीटीएतही आहेत. पुण्यात शिकायचं, जग पाहायचं आणि भोपाळमध्ये नवी पिढी घडवायची, ही वाट पन्नास वर्षांपूर्वी जवळजवळ अशक्य होती.

ती शक्य झाली याचं बरंचसं श्रेय संस्था उभारणाऱ्यांना आहे. जयंत नारळीकर 1972 मध्ये केम्ब्रिज सोडून टाटा संस्थेत आले. 1988 मध्ये पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची आंतरविद्यापीठीय संस्था स्थापन झाली तेव्हा त्यांचा हेतू स्पष्ट होता. लहान विद्यापीठांतल्या आणि महाविद्यालयांतल्या शिक्षकांना खगोलशास्त्राच्या संशोधनाची सोय हवी होती. अजित केंभावी आयुकाच्या उभारणीत पहिल्यापासून होते आणि पुढे तिचे संचालक झाले. या दोघांनी मिळून क्वेसार आणि सक्रिय दीर्घिकांवर लिहिलेलं पाठ्यपुस्तक 1999 मध्ये केम्ब्रिजने प्रसिद्ध केलं. महाकाय कृष्णविवरांभोवती वायू कसा तापतो आणि त्यातून इतका प्रकाश कसा निघतो, हे अनेकांनी त्या पुस्तकातून शिकून घेतलं.

आजच्या विद्यार्थ्यासाठी पायऱ्या साधारण अशा आहेत. बारावीनंतर आयसरची प्रवेश परीक्षा देऊन पाच वर्षांची बीएस-एमएस पदवी, किंवा कुठल्याही चांगल्या महाविद्यालयातून भौतिकशास्त्रात बीएस्सी आणि एमएस्सी. पीएच.डी.साठी जेस्ट, नेट किंवा आयुका आणि एनसीआरए मिळून घेतात ती इनॅट परीक्षा. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं. त्यानंतर दोन-तीन वर्षांच्या एक, दोन, कधी तीन पोस्टडॉक नेमणुका, बहुधा परदेशात. कायमची नोकरी मिळेपर्यंत पस्तिशी येते. घरच्यांनी हे आधीच समजून घेतलं तर बरं, कारण याच वयात इंजिनिअर झालेल्या वर्गमित्राने घर घेतलेलं असतं.

रोजच्या कामात डोळा दुर्बिणीला फारच कमी वेळा लागतो. जीएमआरटीवर वेळ मिळवायला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये, अर्ज करावा लागतो. आपलं निरीक्षण का महत्त्वाचं आहे, किती तास हवेत आणि एवढेच तास का, हे त्यात पटवून द्यावं लागतं. वेळ मिळाला की कच्ची माहिती येते. तिच्यातून मोबाइलचा, विमानांचा, विजेच्या तारांचा गोंगाट वेगळा करायचा. मग स्पंदनांची वेळ सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याशी जुळवून घ्यायची. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, म्हणून दुर्बीण कधी ताऱ्याजवळ असते, कधी लांब. गुरूसारख्या ग्रहाच्या वस्तुमानातली बारीकशी चूकसुद्धा या हिशेबात उमटते. यासाठी गणित चोख हवं, संगणकाची भाषा हातची हवी, आणि चांगलं इंग्रजी लिहिता यायला हवं, कारण अर्ज आणि शोधनिबंध त्याच भाषेत जातात.

आता एका आयुष्याचा हिशेब मांडून पाहा. तेविसाव्या वर्षी सुरुवात केली आणि साठीपर्यंत काम केलं, तर हातात सदतीस वर्षं येतात. दहा वर्षांच्या लहरीची जेमतेम चार आंदोलनं आणि वीस वर्षांच्या लहरीची दोनसुद्धा नाहीत. याचा अर्थ या विषयात कोणाचीच कारकीर्द एकट्याची पुरी होत नाही. आज नोंदलेलं स्पंदन वीस वर्षांनी दुसऱ्याच कुणाच्या आलेखात उपयोगी पडणार असतं. म्हणून नोंदींची शिस्त, माहिती खुली ठेवण्याची सवय आणि विद्यार्थ्याला हाताशी धरून शिकवणं हे इथे शिष्टाचारापुरतं नसतं. शास्त्राची पद्धतच ती आहे. आईनस्टाईनची समीकरणं जाणणारे खूप असतात, पण वीस वर्षं नोंदवही सांभाळणारा गट क्वचितच मिळतो. या विषयात त्याचीच किंमत सर्वांत जास्त आहे.

पुढे काय?

2023 चा निष्कर्ष भक्कम आहे, पण अजून अंतिम नाही. भौतिकशास्त्रात शोध जाहीर करायला ज्या पातळीची खात्री लागते तिला पाच सिग्मा म्हणतात. युरोपीय-भारतीय गटाची खात्री त्या वेळी तीन सिग्माच्या आसपास होती आणि अमेरिकी गटाची त्याहून थोडी जास्त. लहरी खरंच महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांमधूनच येतात का, की विश्वाच्या अगदी सुरुवातीच्या क्षणांमधून, हेही अजून ठरायचं आहे. एखादी विशिष्ट जोडी वेगळी ओळखता आली तर त्या प्रश्नाचं उत्तर मिळेल.

त्यासाठी दोन गोष्टी हव्यात, जास्त पल्सार आणि जास्त वर्षं. इनपीटीएने 2025 मध्ये दुसरी माहिती जाहीर केली. तिच्यात 27 पल्सार आणि सात वर्षांहून जास्त काळाच्या नोंदी आहेत. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभ्या राहणाऱ्या स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे या महादुर्बिणीत भारत सहभागी आहे, आणि सरकारने त्यासाठी 1,250 कोटी रुपये मंजूर केले आहेत. तिथे आणखी किती तरी पल्सार हाती लागतील. पुढच्या दशकात युरोपची लिसा ही मोहीम अंतराळात सोडली जाईल. तीन यानं एकमेकांपासून 25 लाख किलोमीटर अंतर राखून फिरतील आणि लाखो सूर्यांएवढी कृष्णविवरं एकत्र येतानाच्या अखेरच्या लहरी ऐकतील.

या सगळ्या प्रकल्पांना माणसं लागणार आहेत. ती आज आठवी-नववीत शिकत आहेत, भोपाळमध्ये, नागपुरात, नारायणगावात. त्यांच्या आई-वडिलांना आणि शिक्षकांना माझी विनंती एवढीच आहे. दर वर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, 28 फेब्रुवारीच्या आसपास, खोडदची दुर्बीण सर्वसामान्यांसाठी खुली असते आणि शाळकरी मुलांची विज्ञान प्रदर्शनंही तिथे भरतात. मुलांना एकदा तिथे घेऊन जा. महाविद्यालयातल्या मुलांना पुण्यातल्या रेडिओ खगोलशास्त्राच्या हिवाळी शाळेबद्दल सांगा. आणि मुलाने किंवा मुलीने हा रस्ता धरायचं ठरवलं, तर 'नोकरी कधी लागणार' हा प्रश्न दर सहा महिन्यांनी विचारू नका. त्यांच्या हातातली वही पुढच्या पिढीलाही लागणार आहे. ती शांतपणे भरू द्या.